गोळी संपल्यावर न आलेली माणसं

चि. डॉक्टर,

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात हार्ट अटॅक ओळखलास, ॲस्पिरिन चावायला देऊन १०८ मधून वेळेत पुढे पाठवलंस. शाब्बास. पण मला लिहायचंय ते ओपीडीत न येणाऱ्या पेशंटांबद्दल.

माझ्या आरोग्य केंद्रात खांदेदुखीसाठी एक ऊस उत्पादक आला होता, बेचाळिशीचा. सहज बीपी पाहिलं तर १७०/११०. महिन्याच्या गोळ्या दिल्या. पुन्हा आला तो दीड वर्षानं, रात्री, जीपमधून. दारात पोचेपर्यंत संपला होता. "गॅस झालाय म्हणाला, सोडा पाजला," भाऊ सांगत होता. सकाळी मी रजिस्टर काढलं. नावापुढे एक नोंद, पुढचे रकाने कोरे. ते रजिस्टर रोज माझ्याच टेबलावर असायचं.

देशात १९९० साली शंभरातले १५ मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी व्हायचे, २०१६ साली २८. त्यातले बरेचसे असल्या कोऱ्या रकान्यांतूनच येत असणार, असं मला वाटतं.

माणसं गोळी का सोडतात? बरं वाटतं म्हणून. बीपी काही दुखत नाही. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं घोटे सुजतात आणि शेजारीण सांगते, किडनी गेली! सूज येऊ शकते हे आधीच सांग, आली तर गोळी बदलता येते. शिवाय दवाखान्यात आलं की मजुरी बुडते, म्हणून एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या दे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे होते. मोजकी ठरलेली औषधं, महिन्याचा साठा, न आलेल्याला फोन किंवा घरी आशाताई. एवढंच. माझ्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. सुचायला हवं होतं, ते मात्र खरं.

आणि हो, बाईमाणसाला "तंबाखू खाता का?" विचारलंस तर "नाही बाई" म्हणेल. "मिश्री लावता का?" विचार. बीपी बघण्याआधी पाच मिनिटं बसव, आणि पट्टा स्वेटरवरून बांधू नको, कितीही गर्दी असली तरी.

गेल्या महिन्यात गोळ्या न्यायला किती जण आले नाहीत, ते मोजून कळव. नावं नकोत, आकडा पुरे.

तुझा,
जुना वैद्यकीय अधिकारी