लाईट गेली, एसी बंद, आणि गेस्ट म्हणतात सगळे पैसे परत द्या

प्रश्न : अलिबागजवळ नागावला आमच्या वाडीत होमस्टे आहे, एक एसी खोली 5,500 ला आणि एक नॉन-एसी 3,500 ला. मे महिन्यात शनिवार-रविवारी मुंबईची एक फॅमिली एसी खोलीत दोन रात्री राहिली, बुकिंग एअरबीएनबी या अ‍ॅपवरून होतं. पहिल्या रात्री दहाला लाईट गेली ती पहाटे चारला आली. इन्व्हर्टरवर पंखे चालू होते. केअरटेकर काकांनी सांगितलं येईल थोड्या वेळात. दुसऱ्या दिवशी सगळे बीचवर फिरले, दुपारी सुरमई थाळी खाल्ली, दुसरी रात्र आरामात राहिले आणि घरी पोचल्यावर मेसेज, पूर्ण 11,000 परत करा नाहीतर वन स्टार देतो. लाईट जाणं आमच्या हातात आहे का? मी एक रुपया तरी का द्यावा?
– एक वाचक, नागाव

उत्तर : ताई, राग येणारच, पण एसीची तक्रार आणि वन स्टारची धमकी या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा.

तक्रार खरी आहे. लाईट महावितरणची गेली हे मान्य, पण एसी खोलीचे पैसे तुम्ही घेतलेत आणि सहा तास एसी मिळाला नाही. मेमध्ये किनाऱ्यावर पंख्याखाली रात्र कशी जाते हे तुम्हाला मी काय सांगणार, त्यात लहान मूल सोबत असलं तर आईबापाचा डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून काहीतरी परत द्यायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे. किती, तर याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. त्या रात्री त्यांना तुमची नॉन-एसी खोली मिळाली असं धरा, 5,500 मधून 3,500 गेले, राहिले 2,000. तेवढे द्या. दुसऱ्या रात्री एसी चालला, जेवण झालं, त्याचे पैसे परत मागायचा त्यांना काही हक्क नाही आणि तुम्हीही दबून देऊ नका.

मेसेज साधारण असा टाका, आणि तो एअरबीएनबीच्या चॅटमध्येच टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर नको : "नमस्कार, शनिवारी रात्री दहा ते चार लाईट नव्हती, त्यामुळे तुम्हाला एसी मिळाला नाही, मनापासून सॉरी. त्या रात्रीचा एसी आणि नॉन-एसी भाड्यातला फरक, 2,000 रुपये, मी परत करते आहे. बाकी राहण्याचं भाडं परत करता येणार नाही." बस, एवढंच. यात रिव्ह्यूचा शब्दही काढायचा नाही. पैसे द्या नाहीतर वाईट रिव्ह्यू देतो असं धमकावणं एअरबीएनबीच्या नियमात बसत नाही, पण चांगला रिव्ह्यू द्या मग पैसे देते हेही तितकंच नियमाबाहेर आहे, आणि घाबरून असं लिहून बसलेले होस्ट मी बघितलेत, मग तक्रार करायची सोयच राहत नाही. त्यांचा धमकीचा मेसेज चॅटमध्ये असेल तर तोच पुरावा म्हणून सपोर्टला दाखवा. फोनवर बोलले असतील तर चॅटमध्ये सरळ लिहा की आपलं फोनवर असं असं बोलणं झालं. 2,000 सुद्धा अ‍ॅपमधूनच पाठवा, म्हणजे नोंद राहते.

तरीही वन स्टार आला तर? चेकआउटनंतर दोघांनाही रिव्ह्यूसाठी 14 दिवस असतात, तुमचाही लिहा, जे घडलं तेवढंच. त्यांच्या रिव्ह्यूखाली 30 दिवसांत उत्तर देता येतं. दोनच ओळी, लाईट किती वेळ गेली आणि किती पैसे परत केले. भांडण नको, ते उत्तर पुढचे गेस्ट वाचतात.

पण ताई, मला जास्त खटकलं ते काकांचं "येईल थोड्या वेळात". खरा रिफंडचा विषय तिथे रात्री साडेदहालाच सुटला असता. काकांनी महावितरणच्या 1912 ला फोन करून फॉल्ट काय आहे विचारायचं, जे कळेल ते गेस्टना जसंच्या तसं सांगायचं, थंड पाणी आणि मच्छरदाणी नेऊन द्यायची, आणि तुम्ही स्वतः मेसेज करायचा की बारापर्यंत लाईट आली नाही तर आजचा फरक मी परत करीन. माणूस अंधारात चिडतो ते आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून, आणि त्या 2,000 चे 11,000 होतात ते याच पाच-सहा तासांत. घरगुती इन्व्हर्टरवर दीड टनाचा एसी ओढला जात नाही हे सगळ्यांना माहीत असतं असं धरू नका, लिस्टिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅपवरच्या तुमच्या खोलीच्या माहितीत लिहा, "लाईट गेल्यास इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी चालत नाही", आणि बुकिंग झाल्यावर हीच ओळ परत पाठवा.

प्रश्न : तारकर्लीला आमच्याकडे जूनचं बुकिंग फोनवर झालं, 3,000 अ‍ॅडव्हान्स यूपीआयने आला. आता ते म्हणतात स्कुबा बंद आहे तर येत नाही, पैसे परत पाठवा. द्यायचे का?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : दादा, मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यातले खेळ बंद असतात हे तुम्हाला पाठ आहे, नागपूर-सोलापूरच्या माणसाला नाही. बुकिंग घेताना सांगितलं होतं का? नसेल तर पूर्ण परत द्या, विषय संपला. सांगितलं असेल, आणि कॅन्सल केल्यावर अ‍ॅडव्हान्स मिळणार नाही हेही व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी दिलं असेल, तर दिवाळीनंतरची तारीख द्या, बहुतेक जण खुशीने घेतात.

पैसे ज्या खात्यावरून आले तिथेच परत पाठवायचे, दुसऱ्याचा नंबर दिला तर नाही म्हणायचं. आणि "चुकून 30,000 पाठवले, 27,000 परत करा" असा स्क्रीनशॉट आला तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये बॅलन्स बघा, एसएमएसवर विसंबू नका. पैसे यायला पिन लागत नाही, कोणी पिन टाकायला लावलं की समजा पैसे तुमचे जाणार आहेत.

प्रश्न : लोणावळ्याला व्हिला भाड्याने घेतला, फोटोत निळा पूल होता, प्रत्यक्षात पाणी हिरवं, उतरताच आलं नाही. परत आल्यावर मालक म्हणतो तेव्हा का नाही बोललात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मालकाचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. बुकिंग एअरबीएनबीवरून असेल तर अडचण लक्षात आल्यापासून 72 तासांत कळवावी लागते, आणि तिथे असतानाच फोटो, व्हिडिओसकट कळवलं तर पूल साफ करायची संधी तरी मिळते. पण पूल दाखवून पैसे घेतले आणि पूल वापरण्यासारखा नव्हता ही सेवेतली त्रुटी आहेच. फोटो असतील तर मालकाला लेखी पाठवा, पूर्ण भाडं मागू नका, तसाच पण पूल नसलेला व्हिला त्या दिवशी कितीला मिळत होता ते दाखवून फरक मागा. ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्यातच, तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. लिस्टिंगचे फोटो मालक बदलू शकतो, त्यांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.