आमची जुळी मुलं दिसायला हुबेहूब, वय पाच. सराफ्याच्या गर्दीत एक हात सोडून पळतो, दुसरा आईचा पदर सोडत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून याचं उत्तर मिळतं का? (इंदूर)

बरंचसं मिळतं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास पूर्ण सारखी असतात, भिन्न जुळ्यांची इतर सख्ख्या भावंडांइतकीच, म्हणजे सरासरी निम्मी. भित्रेपणा किंवा चिडकेपणा एकसारख्या जोड्यांत जास्त जुळला, तर त्यात आनुवंशिकतेचा हात मोठा. २०१५ साली २,७४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात सर्व गुणांमधल्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ४९ टक्के आला. पण हा आकडा समाजातल्या माणसामाणसांमधल्या फरकांचा आहे. तुमच्या एका मुलाचा निम्मा राग आजोबांकडून आला, असा त्याचा अर्थ काढू नका.

मला जास्त मोलाचा वाटतो तो इंग्लंड-वेल्समधला अभ्यास. पाच वर्षांच्या एकसारख्या जुळ्यांच्या आयांना प्रत्येक मुलाबद्दल वेगवेगळं, पाच मिनिटं बोलायला सांगितलं. ज्याच्याबद्दल आई जास्त नाराजीनं आणि कमी मायेनं बोलली, त्याच्याच वागण्याच्या तक्रारी पुढे शाळेतून जास्त आल्या. आधीचं वागणं हिशेबात धरूनही फरक उरला. जनुकं तीच, घर तेच!

म्हणून 'हा द्वाड, तो गुणी' हे आजी-आत्यांसकट सगळ्यांनी आजच थांबवा. आणि मुलं खरोखर एकसारखी जुळी आहेत का, हे चेहऱ्यावरून पक्कं ठरत नाही. त्यासाठी डीएनए चाचणी लागते.