हीटिंग बंद पडलं तर वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना ऊबदार कसं ठेवावं?

मी वृद्धांच्या शुश्रूषेत काम करते. पहिलं सांगणं हे की, "आजी, थंडी वाजतेय का?" या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नका. उतारवयात थंडीची जाणीव बोथट होते, कुडकुडणंही कमी होतं. मंदावलेलं थायरॉइड, झोपेच्या गोळ्या त्यात भर घालतात. स्मृतिभ्रंश असेल तर माणूस अनेकदा तक्रारच करत नाही. म्हणून कपड्यांच्या आत हात घालून पोट किंवा पाठ बघा. ती गार लागली, बोलणं अडखळलं, नेहमीपेक्षा जास्त गुंगी दिसली, तर लगेच तापमान मोजा. ३५ अंश सेल्सिअसच्या खाली म्हणजे हायपोथर्मिया, शरीर धोकादायक इतकं गार पडणं. सरळ रुग्णवाहिका बोलवा आणि हातपाय चोळत बसू नका. (काही थर्मामीटर इतकं कमी दाखवतच नाहीत, आपला आधीच तपासून ठेवा.)

अख्खी इमारत गरम ठेवायच्या फंदात पडू नका. आतल्या बाजूच्या एक-दोन खोल्यांत सगळ्यांना आणा, दारं लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा. पलंग खिडकीपासून लांब. पांघरुणं वरून चढवत राहतो आणि अंगाखाली काही घालायचं विसरतो. गारवा गादीतूनही येतो. एका जाड रजईपेक्षा दोन-तीन हलके थर बरे, कारण जड ओझ्याखाली अशक्त माणसाला कूस बदलता येत नाही. कानटोपी, मोजे हवेतच. ओलं डायपर ताबडतोब बदला, अंघोळ पुढे ढकला. गरम चहा, सूप देत राहा. गिळायला त्रास असलेल्यांना नेहमीसारखं घट्ट करूनच.

गरम पाण्याची पिशवी थेट त्वचेला नको. मधुमेहात पायांची संवेदना गेलेली असू शकते, मग भाजलेलं कळतही नाही. वीज असेल तर ऑइल हीटर चालेल, पण भिंतीतल्या सॉकेटवर आणि पांघरुणांपासून मीटरभर दूर. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर आत? अजिबात नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत तर काडीसुद्धा पेटवू नका.

जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश सुचवते; वृद्धांना त्याहून जास्त लागू शकतं. खोलीत थर्मामीटर टांगा, तासातासाला आकडा लिहा. तो घसरतच असेल तर दुरुस्तीवाल्याची वाट न पाहता सगळ्यांना दुसरीकडे हलवायला लागा. अंथरुणाला खिळलेल्यांना हलवायला फार वेळ लागतो, शिवाय औषधं, कागदपत्रं आणि नातेवाइकांना फोन हेही असतंच.