मशीनचा खालचा आकडा

"मॅडम, आशाताईच्या मशीनवर 98 आलं. मंग हे पोट्टी काहून दमते? कामाचा कंटाळा हाय तिले, दुसरं काई नाई."

कापूस वेचणीच्या दिवसांत ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या खोलीत असं एक तरी गाऱ्हाणं येतंच. आई बोलत होती आणि 15 वर्षांची लेक ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "हातपंपावरून येताना पाण्याचा गुंड दोनदा खाली ठेवा लागते," एवढंच ती बोलली.

कोरोनात बोटाला लावायचं हे मशीन, ऑक्सिमीटर, गावोगावी पोचलं आणि ऑक्सिजन 95 टक्क्यांच्या वर म्हणजे सगळं ठीक, हे डोक्यात बसलं ते बसलंच.

मी आईला विचारलं, "जिनिंगला कापसाच्या 12 बैलबंड्या जायच्या, त्या जागी 7 गेल्या, पण गच्च भरून. कापूस पुरता पोचला का?"

"कसा पोचन?"

तेच. मशीन बंड्या भरल्या का ते सांगतं, किती आहेत ते नाही. रक्तातली बंडी म्हणजे हिमोग्लोबिन. 1 ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिली ऑक्सिजन वाहतं. लेकीचं निघालं 100 मिली रक्तात 7.2 ग्रॅम, हवं निदान 12. म्हणजे 100 मिली रक्तात 16 च्या जागी जेमतेम साडेनऊ मिली.

आणि माल उतरतो कुठे? राबणारा स्नायू तापतो, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल सोडतो. तिथे हिमोग्लोबिनची पकड ढिली पडते. बसल्या जागी साधारण चौथा हिस्साच उतरतो, बाकीचा तसाच परत जातो. डोक्यावर गुंड आला की मागणी वाढते. बंड्याच कमी, मग हृदय आहेत त्यांनाच पळवतं. मशीनवर 98 च्या खाली नाडीचा आकडा होता. 118, तोही बसल्या बसल्या. तो कोणी वाचलाच नव्हता.

आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी मी सोडत नाही. त्यात काही निघालं नाही. आईला जरा बाहेर बसवलं, तेव्हा कळलं, पाळीत नऊ-नऊ दिवस अंगावरून जातं. शाळेतली लोहाची निळी गोळी? "शी काळी होते म्हणून फेकतो."

काळी होते ती लोहामुळे, भ्यायचं कारण नाही. चहासोबत मात्र घेऊ नको, लिंबूपाणी चालेल. एवढं सांगून तिला डॉक्टरांकडे नेलं, कारण 7.2 ला माझ्या बोलण्याने भागत नाही.

महिन्याने दोघी आल्या. हिमोग्लोबिन 8.9. आईने टेबलावरचं मशीन आपणच उचलून लेकीच्या बोटाला लावलं.

"खालचा 96 हाय."

मग ते काढून स्वतःच्या बोटाला लावलं.