वाळवंटी डोंगरांत दोन दिवस एमटीबी (माउंटन बाइक) आणि रात्री क्राफ्ट बिअर: तयारी काय करावी?

चौघे मित्र, शनिवार-रविवार, रोज चार तासांची राइड आणि मधल्या रात्री तंबूपाशी क्राफ्ट बिअर, असा तुमचा बेत आहे आणि त्यासाठी काय तयारी करावी, असं तुम्ही विचारलंय. त्या प्रश्नात चढ-उतारांची काळजी भरपूर दिसते, काट्यांची आणि कोरड्या हवेची मात्र नाही. अशा सहली बहुधा त्यांच्यामुळेच फसतात.

आधी टायर. गोखरू, म्हणजे आपले सराटे, कोरड्या मुलखात जगभर आढळतात आणि साध्या ट्यूबचा त्यांच्यापुढे निभाव लागत नाही. ट्यूबलेसच हवं, म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर. २९ बाय २.४ इंचांच्या टायरला १०० ते १२० मिली सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारं द्रव, लागतं. कोरड्या उन्हात ते लवकर आटतं, म्हणून निघण्याआधी चाक कानाशी धरून हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला नाही तर व्हॉल्व्हचा कोर (आतला सुटा भाग) काढून नवीन भरा.

काटा घुसला आणि हवा जात नसेल तर तो राइड संपेपर्यंत तसाच राहू द्या, तोच बूच असतो. हवा जात असेल तर उपटा, भोक जमिनीकडे येईल असं चाक फिरवा आणि मिनिटभर थांबा. मोठ्या भोकात प्लग, म्हणजे रबरी पट्टी, खुपसा. ट्यूब टाकणं हा शेवटचा उपाय, आणि भले भले तिथेच चुकतात. सीलंटने बुजवलेल्या डझनभर काट्यांची टोकं टायरच्या आत तशीच असतात, त्यामुळे नवी ट्यूब दहा मिनिटांत पंक्चर होते. जाड फडकं टायरच्या आतून फिरवा. जिथे अडकेल तिथला काटा पक्कडीने ओढा. बोट फिरवू नका.

हवा राइडच्या सुरुवातीला, सावलीत मोजा. १५ अंशांना २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेला टायर ४५ अंशांच्या बंद गाडीत २८ च्या आसपास जातो. तेव्हा हवा सोडलीत तर गार पहाटे टायर मऊ पडतो आणि रिम दगडावर आपटते.

चेनला ओलं तेल नको, धूळ चिकटून त्याचा पॉलिश पेपरसारखा लेप तयार होतो. वॅक्सचं ल्यूब आदल्या रात्रीच लावा, त्याला वाळायला वेळ लागतो.

कोरड्या ओढ्यातली वाळू आली की आधीच हलका गिअर घ्या, वजन मागे, हँडलवरची पकड सैल, आणि पेडल थांबवायचं नाही. वळायला गेलात की पुढचं चाक रुतलंच. ट्रेल सोडून कडेने मात्र जाऊ नका. तिथलं काळपट, खरबरीत कवच म्हणजे सायनोबॅक्टेरिया (एक प्रकारचे जीवाणू), दगडफूल आणि शेवाळाने बांधलेली माती असते. एका चाकोरीने मोडलेलं ते भरून यायला कित्येक वर्षं लागतात. आणि दूर डोंगरावर पाऊस दिसला की ओढ्यात थांबायचं नाही, डोक्यावर ऊन असलं तरी, कारण लोंढा तिथून येतो.

पाणी तासाला पाऊण लिटर धरा, उन्हात एक लिटर. म्हणजे पाठीवर तीन लिटर आणि वर मिठाचं इलेक्ट्रोलाइट घातलेली एक बाटली. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस तहान समजून आणखी पाणी पितो. अर्धं पाणी संपायच्या आत परत फिरा. उजाडताच सुरुवात, दहाच्या आत तंबूत.

आता बिअर. राइडच्या मधे अजिबात नाही. दगडाळ उतारावर तोल जायला एक कॅनही पुरतो. शनिवारी आधी अर्धा-पाऊण लिटर पाणी, काहीतरी खारट खाणं, लघवीचा रंग फिका झालेला, मग पहिला कॅन. ७ टक्क्यांच्या ३३० मिली आयपीएत (हॉप्सची कडवट बिअर) सुमारे १८ ग्रॅम अल्कोहोल असतं, तेवढ्याच साडेचार टक्क्यांच्या पिल्सनरमध्ये (फिकट, हलकी बिअर) १२. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. तीन आयपीए म्हणजे पाच ते आठ तास, आणि तुम्हाला पाचला उठायचंय! शिवाय अल्कोहोलने लघवी वाढते, म्हणजे रविवारचं पाणी शनिवारीच जातं. माझी पसंती गोझेला: गहू, धणे आणि मीठ घातलेली, आंबट, हलकी जर्मन बिअर. घामानंतर तिच्यासारखी दुसरी नाही.

काचेच्या बाटल्या नकोत, कॅन घ्या. ते घरूनच गार करून बर्फात ठेवा, पेटी गाडीबाहेर सावलीत. तापलेल्या गाडीत कॅन फुगतात आणि हॉप्सचा वासही मरतो. कुणी ११ टक्क्यांचा स्टाउट (गडद, कडक बिअर) आणलाच तर तो रविवारी घरी पोचल्यावर, गाडी लावून झाल्यावर फोडा.