बंब स्वतःचं पाणी घेऊन येतो, मग नळाच्या पाणीपुरवठ्याचा आग विझवण्याशी काय संबंध?

बंब पाणी घेऊन येतो हे खरंय, पण ते पुरतं किती वेळ ते बघा. 10,000 लिटरचा टँकर धरला आणि दोन होज (पाण्याचे पाइप) लावून मिनिटाला साधारण हजार लिटर मारलं तर दहा मिनिटांत टँकर रिकामा. पुढचं पाणी बहुतेक वेळा शहराच्या पाणीपुरवठ्यातूनच भरून आणावं लागतं. मी पाणीपुरवठ्याच्या कामातच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

योजना डिझाइन करताना माणशी किती लिटर हा हिशोब असतोच, पण मोठ्या शहरात आगीचं पाणी वेगळं धरायचं असतं. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या मॅन्युअलमध्ये त्याचं सूत्र आहे, लोकसंख्या हजारात घ्या, वर्गमूळ काढा, 100 ने गुणा, येतील तेवढे किलोलिटर. म्हणजे 1 लाख वस्तीला 1000 किलोलिटर, दहा लाख लिटर. त्यातलं एक तृतीयांश जलकुंभात राखीव हवं आणि बाकीचं ठिकठिकाणच्या टाक्यांत. माणशी 135 लिटरने त्याच शहराला रोज 1 कोटी 35 लाख लिटर लागतं, त्यापुढे दहा लाख म्हणजे फार नाही, पण हे पाणी दोन-तीन तासांत एकाच गल्लीत हवं असतं ना, खरी अडचण तिथे आहे. तेवढं पाणी बारीक लाइनीतून येतच नाही, कितीही चाव्या (लाइनीवरचे व्हॉल्व्ह) फिरवा.

दुसरं म्हणजे प्रेशर. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर मिळतं, म्हणून जलकुंभ उंचावर बांधतात. मुंबईत मलबार हिलच्या टेकडीवर जलाशय आहे तो त्याचसाठी, तिथून पाणी उतारानेच खाली येतं, लाइट गेली तरी टाकीत आहे तोवर येत राहतं.

पण आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळेलाच सुटतं, आणि पाणी सुटलेलं नसेल तर रस्त्यावरचा हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घ्यायचा नळ, कोरडा. कित्येक हायड्रंट तर रस्त्याचं काम होताना डांबर-काँक्रीटखाली गाडले गेलेत, मला याचा मनापासून राग येतो. मोठी आग लागली की व्हॉल्वमनला उठवून बाजूच्या झोनच्या चाव्या बंद करायच्या आणि पाणी आगीकडे वळवायचं, हे होतं, पण त्यात वेळ जातो, तोवर भिस्त टँकरच्या फेऱ्यांवर आणि तुमच्या बिल्डिंगच्या फायरच्या, म्हणजे आगीसाठी राखीव, टाकीवर.

म्हणून ती टाकी तेवढी बघा. नीट बांधलेली असेल तर महापालिकेचं पाणी आधी फायरच्या टाकीत पडतं, ती भरली की वरून ओसंडून वापराच्या टाकीत जातं, त्यामुळे फायरची कायम भरलेली राहते आणि पाणी शिळंही होत नाही. मे महिन्यात पाणी कमी झालं की काही सोसायट्या फायरच्याच टाकीत सबमर्सिबल पंप सोडून ते पाणी वापराला काढतात, प्लीज असं करू नका, रात्री आग लागली तर पहिली वीस मिनिटं त्याच पाण्यावर काढायची असतात. पंपरूममध्ये जाऊन फायर पंपाच्या पॅनलचा स्विच ऑटोवर आहे का तेही बघा, लाइनीला गळती असली की लाइनीतलं प्रेशर टिकवणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू होतो आणि त्या आवाजाला कंटाळून कुणीतरी सगळं बंद करून ठेवतं. महाराष्ट्रात 2006 च्या कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैला यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म बी सर्टिफिकेट द्यावं लागतं, कमिटीकडे ते मागा आणि नुसता कागद न बघता सगळ्यात वरच्या मजल्यावरचा होज रील (चाकावर गुंडाळलेला आग विझवायचा पाइप) उघडून पाणी येतं का ते समोर बघा.

आणि गेटजवळ लाल पाइपला बाहेरून होज जोडायची तोंडं असतात, तिथून बंबवाले त्यांच्या पंपाने बिल्डिंगच्या लाइनीत पाणी चढवतात. त्याच्यासमोर गाड्या लावू देऊ नका, आणि वॉचमनला ती जागा आणि टाकीचं झाकण कुठे आहे ते दाखवून ठेवा, 101 ला फोन केल्यावर गाडी आली की पहिल्यांदा तेच विचारतात.