किनाऱ्यावर तंबू ठोकायचाय, कुठे थांबू?

प्रश्न: ताई, फेब्रुवारीत मी, नवरा आणि दहा वर्षांची लेक असे तिघं गाडी घेऊन हरिहरेश्वर ते गुहागर करायचं म्हणतोय. टेंट आहे, पण गर्दीचे बीच नकोत. काही सांगाल?

उत्तर: अगं, खूप छान बेत आहे! बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घालायची की पलीकडे वेश्वी, मग बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले असं रमतगमत खाली यायचं आणि दाभोळला पुन्हा बोटीत चढून धोपाव्याला उतरलात की पुढे गुहागर. घाई अजिबात करू नका, खरी मजा रस्त्यातच आहे.

टेंट मात्र वाळूत पुढे लावू नकोस. वाळलेलं शेवाळ, शिंपल्यांची रेघ दिसते ना, तिथवर भरतीचं पाणी येतं, आणि अमावस्या-पौर्णिमेला त्याच्याही वर चढतं, म्हणून सुरूच्या बनाच्या मागे, किंवा कुणाच्या वाडीत विचारून लावा. आधी ग्रामपंचायतीत बोला, गावातली माणसं जागा पण दाखवतात आणि जेवणाचंही बघतात. रात्री दव पडतं, वरचं कव्हर विसरू नका.

आणि एक कळकळीने सांगते, वेळास-आंजर्ल्याला तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असतात, पिल्लं बाहेर पडायला लागतात, उजेड दिसला की समुद्र सोडून तिकडेच वळतात. तिथे किनाऱ्यावर टेंट, टॉर्च, शेकोटी काही नको, गाडी तर नकोच. त्या रात्री गावात घरगुती मुक्काम करा. पहाटे पिल्लं पाण्यात जाताना लेकीला नक्की दाखव.